हेल्पलाइनवर येणाऱ्या फोनवर संशोधन व्हावं का?

धायरीकर:
जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम; अनेकदा पोटाच्या संसर्गानंतर होणारा, हातापायांतला जोर जाणारा नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा सगळीकडे एकच सांगणं होतं: पाणी उकळून प्या. आमच्या सोसायटीतले प्रश्न वेगळेच. जारचं पाणीही उकळायचं का? घरी आरओ असेल तर? शेजारच्या काकू पाण्यातून वाफ निघाली की गॅस बंद करायच्या. खळखळून उकळी यायला हवी, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

अमेरिकेत नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची फोनवर माहिती देणारी सेवा १९७५ पासून आहे. १९९३ मध्ये संशोधक तिच्यासोबत आले. फोन करणाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी, मग काहींना शेवटी फळं-भाज्या खाण्याबद्दल दोन शब्द, बाकीच्यांना नाही, आणि काही आठवड्यांनी फोन करून चौकशी. ज्यांना सांगितलं, त्यांच्या खाण्यात फरक पडलेला दिसला. आपल्या १०४ या आरोग्य हेल्पलाइननं विद्यापीठासोबत असं काम करायलाच हवं.

रात्रपाळी:
मी अशाच फोनवर पाच वर्षं बसतेय. रात्री अडीचला बाई विचारते, "यांच्या पायात जोर राहिला नाहीये, आत्ता नेऊ का?" तिला भाजीपाला सांगू? आणि निम्म्यांना नवा सल्ला, निम्म्यांना जुना, हे मला पटत नाही.

धायरीकर:
ताई, तातडीचे फोन वगळायचेच. पूर्ण उत्तर दोघांनाही मिळेल, फरक फक्त सांगण्याच्या पद्धतीत. "उकळा" म्हणणं पुरतं की "खळखळून बुडबुडे येईपर्यंत" म्हणावं लागतं, हे आज कुणालाच ठाऊक नाही.

मुळशीवाला:
माझा विरोध त्या परतीच्या फोनला. आमच्याकडे कित्येक घरांत मोबाइल एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. सुनेनं तो मागून टीबीबद्दल विचारलं, आणि महिन्यानं त्याच नंबरवर "मागच्या वेळी सांगितलेलं पाळलंत का?" असा फोन आला, तर उचलणार कोण? घरात कळू नये म्हणूनच तिनं हेल्पलाइन गाठलेली असते. संमती घेतली म्हणाल, पण घाईत "हो" म्हणणारी बाई पुढचा विचार करत नाही.

धायरीकर:
दादा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग परत फोन नकोच. आलेले प्रश्न नाव-नंबराशिवाय नोंदवता येतील.

रात्रपाळी:
नोंदी मी ठेवतेच, वहीत. "जारचं उकळायचं का" हा प्रश्न त्या जानेवारीत पानोपान आहे. वही दाखवीन, पण संशोधकांनी आधी एक रात्र माझ्या शेजारी हेडफोन लावून बसायचं. काय तपासायचं ते त्यानंतर ठरवू, आणि ठरवताना मला वगळायचं नाही.