विषय: गावच्या घराचं मृत्युपत्र

नमस्कार मंडळी,
देवगड तालुक्यात आमचं घर आणि हापूसची बाग आहे. सासरे गेल्यानंतर कागदोपत्री काहीच झालेलं नाही. भाचा बघतो, त्याला कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) दिलंय. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, विलमध्ये ‘भारतातली मालमत्ता मुलांना’ एवढी एक ओळ घातली तर चालेल ना? मुलं ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेली भारतीय वंशाची, आहेत.
– बे एरियातली वहिनी

वहिनी,
मी सध्या राजापुरातच मुक्कामाला आहे, म्हणून जरा सविस्तर. एका ओळीने भागणार नाही. आधी महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढा, पंधरा रुपये पडतात. त्यावर नुसते सासरे नाहीत, आजेसासरे आणि चुलतेही निघतील. भाऊंना, म्हणजे तुमच्या यजमानांना, मृत्युपत्राने देता येईल तो फक्त त्यांचा हिस्सा. नणंदाही वारस आहेत. लग्नात दागिने घातले म्हणून त्यांचा हक्क जात नाही. त्या आपखुशीने सोडणार असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, फोनवरचं ‘आम्हाला काही नको’ उपयोगाचं नाही. घर गावठाणात असेल तर ते सातबाऱ्यावर दिसणारच नाही, आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे.

भारतातल्या मिळकतीचं मृत्युपत्र वेगळं करा. १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार लागतात. मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. मी मात्र नोंदणी कराच म्हणेन, कारण भाऊबंदकी कोकणात कोणाला नवी नाही. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण बघा. आणि अमेरिकेतल्या विलमध्ये ‘याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य ठोकळ्यासारखं असतंच. ते नंतर केलंत तर इथलंही त्यात वाहून जाईल, तुमच्या वकिलाला हे आधी सांगा.

मुलांना शेतजमीन वारशाने मिळते, त्याला ओसीआय आड येत नाही. विकायची झाली तर मात्र भारतात राहणाऱ्या नागरिकालाच, आणि आपल्याकडे तोही शेतकरी असावा लागतो. भाच्याचं मुखत्यारपत्र देणारा गेला की संपतं. त्यानंतर त्या कागदावर त्याने बाग कराराने दिली तर भांडण तुमच्या मुलांच्या गळ्यात.

गणपती कोणी आणायचा हे कुठल्याच कागदात लिहू नका, ते वाडीत बसूनच ठरतं.
– राजापूरचे काका

काका,
सातबारा काढला. नावं इतकी की पानभर पुरली नाहीत, आणि निम्मी माणसं केव्हाच गेलेली! आजेसासऱ्यांच्या मुलींची, म्हणजे यांच्या आत्यांची, नावं मात्र कुठेच नाहीत. त्यांच्या मुलांनाही विचारावं लागेल का?
– वहिनी

वहिनी,
आजेसासरे १९५६ च्या जूनआधी वारले की नंतर, त्यावर ते ठरेल. त्या वर्षी हिंदू वारसा कायदा आला, त्याआधीचा हिशेब निराळा. ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यू रजिस्टरात नोंद सापडते का बघतो. पूर्ण नाव आणि अंदाजे साल कळवा.
– काका