‘मुलाच्या आजारासाठी उपोषण’: हे मराठी आहे का?

कानामात्रा:
एका छोट्या पुस्तिकेचा अनुवाद करतेय. मोठं संकट आलं, म्हणजे दुर्धर आजार, डोक्यावर कर्ज, मोडत आलेला संसार, की ख्रिस्ती माणसाने उपास आणि प्रार्थना कशी करावी, असा विषय. मी सगळीकडे ‘उपास’ लिहिलं होतं. घरात आणि मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) लहानपणापासून तोच शब्द ऐकलाय. मुद्रितशोधकांनी तो झाडून सगळा खोडून ‘उपोषण’ केलं. समासात शेरा: ‘उपास बोली, उपोषण प्रमाण.’ त्यामुळे एक वाक्य आता असं आहे: ‘मुलाच्या आजारासाठी आईने तीन दिवसांचे उपोषण केले.’ वाचल्यापासून मला त्या बाईच्या मागे फलक दिसतोय आणि खाली सतरंजी.
दुसरा घोळ माझाच. ‘आजारासाठी उपास’, ‘कर्जासाठी प्रार्थना’. आजार व्हावा म्हणून? कर्ज मिळावं म्हणून? परवा फाइल द्यायची आहे.

तळघर:
मुद्रितशोधकांना माझा नमस्कार सांगा. उपवास आणि उपोषण दोन्ही ‘उप + वस्’ या एकाच धातूचे. वस् चा उष् होतो, म्हणून उपोषण, उपोषित. उपास म्हणजे तोंडात झिजलेला उपवास. तिघे सख्खे भाऊ आहेत, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत तिघेही नांदतात. पुढे एकाला राजकारणाने दत्तक घेतलं, एवढंच. प्रमाण आणि बोली हा वाद इथे मुळातच लटका आहे.

देवडी:
मग ‘उपवास’च लिहा ना. देवाच्या जवळ वास तो उपवास. आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, उपास-प्रार्थनेच्या दिवशी संदेशाची सुरुवातच याने करतात. संकटातल्या माणसाला अजून काय हवं असतं?

तळघर:
पाळकसाहेबांचा मान राखून. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात गोष्ट उलटी आहे. उद्या यज्ञ आहे हे कळून देवच आदल्या दिवशी यजमानाच्या घरी मुक्कामाला येतात, म्हणून त्या दिवसाला ‘उपवसथ’. आणि पाहुणे जेवायचे असताना यजमानाने आधी जेवणं बरं दिसत नाही, म्हणून तो उपाशी. म्हणजे जवळ कोण आलं? शिवाय बायबलच्या मूळ भाषांतले उपासाचे शब्द, हिब्रूतला ‘त्सोम’ घ्या की ग्रीकमधला ‘नेस्तेया’, कुठेही ‘जवळ’ नाही. नेस्तेया म्हणजे सरळ ‘न खाणे’. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात तर मराठीत ‘जिवास दंडन’ आहे. संस्कृत व्युत्पत्ती हिब्रूच्या गळ्यात बांधू नका.

देवडी:
दंडनावर थांबणार असाल तर यशयाचा ५८ वा अध्यायही वाचा. ‘आम्ही उपास केला, तू पाहिलं का नाहीस?’ असं लोक विचारतात, आणि त्यांना उत्तर मिळतं ते जुलमाची बंधनं सोडा, भुकेल्याला आपल्यातलं अन्न द्या. व्युत्पत्ती चुकली असेल, पण पाळक चुकले नाहीत.

पाणपोई:
‘साठी’बद्दल कोणी बोलणार का? ‘खोकल्यासाठी औषध घेतलं’ म्हटल्यावर कोणी खोकला मागितला असं समजत नाही. वाचकावर थोडा विश्वास ठेवा.

कानामात्रा:
आणि ‘कर्जासाठी अर्ज केला’?

पाणपोई:
हं. तो मात्र मिळावं म्हणूनच करतात. ‘कर्जातून सुटका व्हावी म्हणून’ असं लांब लिहा. मराठीत लांब लिहायला पैसे पडत नाहीत.

कानामात्रा:
शीर्षकात पडतात. सहा शब्दांत बसवायचंय.

दगडी पाटी:
एवढा आटापिटा कशाला? ‘देवाला साकडं घालणे’ हा अस्सल शब्द आपल्याकडे आहे. संकट, कळकळ, हट्ट, सगळं त्यात येतं.

देवडी:
हट्ट येतो, तीच तर अडचण. साकडं म्हणजे पेच. देवाला पेचात धरायचं? उपास ही देवाची अडवणूक नव्हे हे सांगण्यातच आमची अर्धी वर्षं जातात. लोक येतात, ‘किती दिवस धरू म्हणजे काम होईल?’ असं विचारतात.

दगडी पाटी:
‘धरू’ म्हणालात ना? उपास ‘धरणे’ आणि ‘धरणे धरणे’ यात अंतर किती? पूर्वी सावकार ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा आणि पैसे वसूल होईपर्यंत उठायचा नाही. तुमच्या क्रियापदातच अडवणूक बसलीय. त्या हिशेबाने ‘उपोषण’ लिहिणारे मुद्रितशोधक तुमच्यापेक्षा प्रामाणिक.

तळघर:
हातही धरतात आणि छत्रीही धरतात. क्रियापदाला फासावर चढवू नका.

ओलावा:
मी फारशी लिहीत नाही, पण ‘धरणे’वरून आठवलं. वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा आईने दोन दिवस काही खाल्लं नाही. मंडळीत बातमी गेली की बाईंनी उपास धरलाय. बाहेरच्या बाकावर ती मला हळूच म्हणाली, ‘धरलाय कसला, घास उतरत नाही. उपास पडलाय.’ तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पाणी प्यायलं, पदराने ओठ पुसले, पिशवीतून पवित्र शास्त्र काढलं आणि म्हणाली, ‘आता आजचा धरते.’ कालही पोट रिकामं होतं आणि आजही, पण क्रियापद बदललं होतं. संध्याकाळी तिने स्वतःहून पेज मागितली.
म्हणून विचारते, पडणे आणि धरणे यांतला फरक ‘उपोषण’मध्ये येतो का? उपोषण पडत नाही. ते करावंच लागतं.

कानामात्रा:
तुमचं हे वाक्य मुद्रितशोधकांना जसंच्या तसं पाठवू का?

तळघर:
सुंदर. आणि पवित्र शास्त्रातही ही रेघ पुसट आहे. १ शमुवेलच्या पहिल्या अध्यायातली हन्ना रडते आणि जेवत नाही. सवत वर्षानुवर्षे डिवचते, त्यात अन्न कुठून गोड लागणार? म्हणजे आधी उपास पडलेला, आणि मग मंदिरात जाऊन ती नवस करते.

देवडी:
तो ‘नवस’ शब्द मला तिथे खटकतोच. पण ते इथे नको.

पाणपोई:
एक शंका. बायबलातली एस्तेर ३ दिवस अन्नपाणी दोन्ही सोडते. दानीएल ३ आठवडे फक्त चमचमीत अन्न, मांस आणि द्राक्षारस सोडतो. रोमन कॅथलिक नियमात उपवासाच्या दिवशी एक पूर्ण जेवण चालतं, आणि तो नियम १८ ते ५९ वयाच्यांना. हे सगळं एकाच शब्दात कोंबायचं? निर्जळी, एकभुक्त (दिवसातून एकदाच जेवण), पथ्य असे वेगळे शब्द असताना? आणि पुस्तिकेत एक ओळ जरूर टाका, की इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही धरू नये. साखर एकदम उतरते.

दगडी पाटी:
‘एकभुक्त’ लिहिलंत तर पुस्तिका पुरोहितालाच वाचायला द्यावी लागेल. मराठी माणसाला ‘उपास’ म्हटलं की आधी फराळ आठवतो. एकादशी आणि दुप्पट खाशी! हा शब्द गंभीर संकटाला पेलणारच नाही, हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं आहे.

देवडी:
पहिल्यापासून तुम्ही साकडं म्हणत होतात. आणि ख्रिस्ती घरात ‘उपास’ म्हटलं की फराळ आठवत नाही. शब्द कोणाच्या घरात राहतो त्यावर त्याचं वजन ठरतं. मत्तय १७:२१ मध्येही ‘प्रार्थना व उपास’ असंच आहे.

तळघर:
सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या बायबलच्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत ते वचनच नाही. म्हणून बऱ्याच आवृत्त्या ते कंसात किंवा तळटीपेत टाकतात.

देवडी:
वचन कंसात असलं तरी शब्द मराठीच आहे ना? चर्चा शब्दाची चाललीय.

कानामात्रा:
मंडळी, शीर्षक. सहा शब्द. ‘संकटात उपास आणि प्रार्थना’ कसं वाटतं? ‘साठी’ काढूनच टाकलं.

ओलावा:
छान आहे. पण ‘सोडणे’चं काय कराल? २ शमुवेल १२ मध्ये दावीद आजारी मुलाकरता जमिनीवर पडून उपास करतो. सातव्या दिवशी मूल जातं. चाकर कुजबुजतात, तो ओळखतो, उठतो, अंघोळ करतो, कपडे बदलतो, परमेश्वराच्या घरी जाऊन नमन करतो आणि घरी येऊन जेवण मागतो. चाकरांना कळेना की हा आत्ता कसा जेवतो. तुमच्या पुस्तिकेत ही गोष्ट असणारच. तिथे दावीदाने उपास सोडला, की मोडला?

तळघर:
सोडला. ‘मोडला’ म्हटलं की दोष येतो.

दगडी पाटी:
मागितलेलं मिळालं नाही आणि ‘सोडला’? ‘सोडला’ला पारण्याचा वास आहे. मी ‘संपला’ म्हणेन.

कानामात्रा:
आहे ती गोष्ट. पान ३१. मुद्रितशोधकांनी तिथे ‘उपोषण मागे घेतले’ केलंय.