मदत हवी आहे: दक्षिण आफ्रिकेतल्या शाळा आणि 1994 नंतरची लोकशाही

नमस्कार मंडळी. एम.एड.च्या प्रबंधासाठी दक्षिण आफ्रिकेतलं शालेय स्थित्यंतर वाचतेय आणि एका जागी अडकलेय.

वर्णभेदी गोऱ्या राजवटीच्या 1953 च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांना मुद्दाम कमी दर्जाचं शिक्षण दिलं. 1976 मध्ये जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली मुलं शाळेत आफ्रिकान्स या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली, त्यांच्यावर गोळ्या चालल्या. (ते वाचून दोन दिवस पुढे काही सुचलं नाही.) मग 1994 ची, सर्व वंशांना मतदान करता आलेली पहिली निवडणूक, आणि 1996 चा शाळा कायदा. त्याने छडी बंद केली, आणि प्रत्येक सरकारी शाळेला निवडून आलेलं नियामक मंडळ दिलं: पालकांचं बहुमत, सोबत शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, आठवीपासून पुढचे विद्यार्थीसुद्धा! मला हे फार मोलाचं वाटतं.

पण याच मंडळाला प्रवेशाचं आणि भाषेचं धोरण ठरवायचा अधिकार मिळाला, आणि पालकसभेच्या बहुमताने फी लावायचाही. म्हणजे सधन वस्तीतले पालक लोकशाही मार्गानेच गरिबांना दाराबाहेर ठेवू शकत होते. 2007 पासून गरीब भागांत बिनफीच्या शाळा आल्या, 2024 च्या कायद्याने प्रवेश आणि भाषेचा अंतिम अधिकार प्रांताच्या शिक्षण विभागाकडे गेला.

माझा प्रश्न असा: सहभागाची लोकशाही आणि समतेची लोकशाही यांतला हा ताण कोणत्या सैद्धांतिक चौकटीत मांडावा? मंडळांवरच्या विद्यार्थी प्रतिनिधींना प्रत्यक्षात किती बोलता येतं, यावर कुणी काम केलंय का? पद्धतीविषयीचा सल्लाही चालेल.