लहान कारखान्यांनी शिकाऊ उमेदवार मिळून घडवावेत का?

सातपूरकर (धागाकर्ता)
नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत माझे पंधरा माणसांचे मशीन शॉप, म्हणजे धातूचे सुटे भाग घडवणारा लहान कारखाना आहे. आयटीआय झालेला मुलगा येतो तेव्हा त्याला लेथची ओळख असते, पण ड्रॉइंग वाचून सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, स्वतः जॉब (घडवायचा भाग) लावण्याइतका हात बसलेला नसतो. तो बसवताना वाया जाणारा माल आणि जुन्या कारागिराचे अडकणारे तास एकट्या लहान कारखानदाराला पेलत नाहीत. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे. आमच्यासाठी ते ऐच्छिक असल्याने बहुतेक जण त्या वाटेला जात नाहीत. मात्र अनेक मालकांनी एकत्र येऊन प्रशिक्षण देण्याची मुभा याच कायद्यात आहे. म्हणून सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या दहा-बारा कारखान्यांनी गट करावा, मुलाने एकाकडे टर्निंग, दुसऱ्याकडे मिलिंग, तिसऱ्याकडे तपासणी शिकावी, आणि आयटीआयच्या निदेशकांनी महिन्यातून एकदा येऊन त्याचे काम पाहावे, असा माझा प्रस्ताव आहे. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी पुढाकार घेतल्यास तो अशक्य नाही.

अंबडचा फिटर
मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो. त्याला वेतन नव्हे, विद्यावेतन मिळते. मी स्वतः ज्या कारखान्यात उमेदवारी केली, तिथे पहिल्या दोन महिन्यांनंतर मला कोणी काही शिकवले नाही, मी फक्त उत्पादन काढत होतो. एक मालक असताना ही गत, तर दहा मालकांमध्ये फिरणाऱ्या मुलाची जबाबदारी नेमकी कोणाची? अपघात झाला तर भरपाई कोण देणार, हे आधी लिहून द्या.

सिन्नर उद्योजक
माझा आक्षेप वेगळा आहे. आम्ही मुलगा तयार केला की मोठी कंपनी जास्त पगार देऊन त्याला नेते. त्या कंपन्या खर्चात वाटा उचलणार नसतील, तर लहानांच्या भागीदारीतून मोठ्यांचीच सोय होईल.

सुरगाण्याची लेक
आपण सर्व जण औद्योगिक वसाहतींविषयीच बोलत आहात. आपल्याच जिल्ह्यातल्या सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे द्राक्षबागांच्या छाटणीला आणि खुड्याला नाशिक, दिंडोरी, निफाडकडे येतात, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मुलामुलींचे शिक्षण हंगामापुरते तुटते. अशा मुलीला सातपूरला शिकायचे असेल, तर विद्यावेतनातला मोठा भाग खोलीभाड्यात जाईल. वसतिगृह नसेल, तर ही भागीदारी शहरातल्या मुलांपुरतीच राहील. शिवाय मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांच्या कंपनीतून प्रक्रिया उद्योग उभा केला आहे; शीतगृह आणि पॅकहाउसमधली यंत्रे सांभाळणारे तंत्रज्ञ त्याच परिसरात घडवता येतील, मग गटात फक्त धातुकामच का?

सातपूरकर
फिटर दादांची अट मला मान्य आहे: प्रत्येक उमेदवाराचा करार एकाच कारखान्याशी असावा, इतर कारखाने प्रशिक्षण देतील, आणि विम्याचा हप्ता गटाने भरावा. सिन्नरच्या मित्रांना मात्र मी सांगेन की, माणूस जातो म्हणून शिकवायचेच नाही, तर पुढच्या वर्षी आपल्याच मशीनवर उभा राहायला कोणी उरणार नाही. वसतिगृहाचा मुद्दा मी खरोखर विचारात घेतला नव्हता. तो खर्च लहान कारखान्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि मोठ्या कंपन्यांकडे वाटा मागायचाच असेल, तर तो आधी यासाठी मागावा.

अंबडचा फिटर
कराराचा मसुदा इथे टाका. कलमे वाचूनच मी विरोध मागे घ्यायचा की नाही ते ठरवीन.