जपानी डोंगरचित्रं म्हणजे चीनची नक्कल?

शाईवाली: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की जपानी डोंगरचित्रं म्हणजे चीनची नक्कल, अर्धा कागद कोरा सोडायचा आणि वर त्याला झेन म्हणायचं. डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. सेश्शू, जपानचा शाईचित्रकार, १४६७ला चीनला गेला, शिकून आला, मान्य. पण ऐंशी ओलांडल्यावर काढलं काय, तर आमानोहाशिदाते, जपानच्या किनाऱ्यावरची खरी जागा, पाइन्सनी भरलेली वाळूची पट्टी, मागे डोंगर, देवळं, पॅगोडा, सगळं ओळखू येतं. नक्कल कुठेय यात?

नाना_नाशिककर: ते मीच लिहिलं होतं. जागा खरी असेल, कुंचला चिनीच. आणि तेवढ्या उंचावरून तसा देखावा कुठूनच दिसत नाही, म्हणजे तेही मनातलंच. अस्सल जपानी बघायचं तर चित्रकार होकुसाईची फुजी पर्वताची मालिका बघा.

शाईवाली: नाना, त्या फुजीमालिकेतला निळा म्हणजे प्रशियन ब्लू रंग आहे, बर्लिनला शोधलेला! मग होकुसाई जर्मन का? आणि कोऱ्या कागदाचं म्हणाल तर जपानी चित्रकार तोहाकूचे पाइनचे घडीचे पडदे मी टोकियोत पाहिलेत, सहा-सहा घड्यांचे दोन, धुक्यात झाडं आणि लांब एक बर्फाचा डोंगर इतका फिका की आधी दिसलाच नाही. दिसला आणि मधला सगळा कोरा कागद एकदम मैलोन्मैल अंतर झाला. तो कागद रिकामा नाहीये हो.

वॉशवाला: अगदी! आर्ट कॉलेजात मी आकाश कोरं सोडलं तर सरांनी 'अपूर्ण' शेरा मारला, अजून डाचतं. तिकडे १९०३ला ताइकान आणि शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्याला आले, अवनींद्रनाथ टागोरांनी ताइकानचं काम बघून वॉश, म्हणजे पातळ रंग पाण्याने पसरवायची पद्धत, उचलली. आपण मुंबईवाले बसलो साहेबी पद्धत घोटत.

जेजेचा_विद्यार्थी: झालं, विषय जपानचा आणि शिव्या मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयाला! मुंबईचे चित्रकार हळदणकर यांचे जलरंग बघितलेत का कधी? उजेड कसा पकडलाय! बंगालच्या वॉशमध्ये सगळं मळकट दिसतं.

वॉशवाला: मळकट?? रंग भरून कागद पाण्यातून काढायचा, परत भरायचा, एकदा करून बघा मग बोला.

जेजेचा_विद्यार्थी: केलंय. म्हणूनच बोलतोय.

शाईवाली: अहो तुमचं मुंबई-बंगाल भांडण दुसरीकडे न्या ना, सेश्शू राहिला बाजूला.

नाना_नाशिककर: निळ्याचं मान्य, रंग कुठून आला यावर चित्र कुणाचं हे ठरत नाही. आमानोहाशिदातेही सोडून देतो. पण सेश्शूची १४८६ची ती लांबलचक चित्रगुंडाळी सरळसरळ चिनी चित्रकार शिया ग्वेईच्या वळणाची आहे, त्यावरून मी हटणार नाही.