इंटेग्रिटी : भिंतीची आणि माणसाची

जळगावकर : मंडळी, एका शब्दाशी अडलंय. पाटबंधारे खात्यातल्या एका शाखा अभियंत्यांचं मानपत्र मराठीत करून द्यायचं आहे. मसुदा त्यांच्या वरिष्ठांनी इंग्रजीत लिहिलाय. त्यात म्हटलंय की, धरणाच्या भिंतीची इंटेग्रिटी त्यांनी जशी राखली तशीच स्वतःचीही राखली. शब्द एकच, दोनदा येतो, आणि वाक्याचा सगळा जीव त्यातच आहे. माणसाला 'सचोटी' चालेल, पण भिंतीला कशी लावू? भिंतीला 'अखंडता' बसते, माणसाला लावली की तो पुतळा वाटतो.

माझे वडील धरणाच्या वसाहतीतच नोकरीला होते, म्हणून साहेबांना लहानपणापासून पाहिलंय. धरण भरलं की ते पहाटे भिंतीच्या पायथ्याशी चालत जायचे. मातीचं धरण, थोडं पाणी झिरपतंच. ते पाणी काचेच्या बाटलीत धरून उजेडात बघायचे. नितळ असलं तर काळजी नाही. गढूळ दिसलं तर समजायचं, आतून माती वाहून चाललीय, भिंत पोखरतेय. या माणसाला मला कामचलाऊ शब्द द्यायचा नाही. शनिवारी कार्यक्रम आहे.

धुळेकर : ताई, सरकारी मराठीत हा प्रश्न कधीच मिटलाय. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. त्यात कर्मचाऱ्याकडून सचोटी आणि कर्तव्यपरायणता मागितली आहे. गोपनीय अहवालातही सचोटीच. भिंतीला 'भक्कमपणा' लिहा आणि मोकळ्या व्हा.

भुसावळकर : भक्कमपणा नको. भक्कम दिसणारी भिंतही आतून पोखरलेली असू शकते, बाटलीत पाणी धरायचं ते त्यासाठीच ना? मी गणित शिकवायचो, म्हणून मुळापासून सांगतो. लॅटिनमध्ये 'इंटेजर' म्हणजे ज्याला हात लागला नाही, ज्यातून काही काढलं गेलं नाही, ते. 'इन' म्हणजे न, आणि पुढे 'टँगेरे', म्हणजे स्पर्श करणे, याचं मूळ. त्यातूनच टँजंट, आपली स्पर्शिका. आणि इंटेजर म्हणजे आपला पूर्णांक. पूर्णांक आणि स्पर्शिका ही एकाच घरची भावंडं, हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची. तेव्हा इंटेग्रिटी म्हणजे माणसाचा अपूर्णांक न होणं. साहेबापुढे एक, ठेकेदारापुढे दुसरा, घरी तिसरा, असे तुकडे न पडणं. प्रामाणिकपणा हा त्याचा एक भाग झाला, सगळा अर्थ नव्हे.

नंदुरबारकर : सर, पण 'सचोटी'तही ते आहे. माझ्या मते शब्द सच अधिक कसोटी असा आला असावा. खरेपणा जो कसोटीला उतरला, तो. आमच्याकडे सीमेवर गुजराती रोज कानावर पडतं. त्यात 'सचोट' म्हणजे अचूक, नेमका लागणारा.

भुसावळकर : कसोटी आली 'कषपट्टिका'वरून, सोनं घासायची पट्टी. तिच्यातलं 'ओटी' म्हणजे झिजलेली पट्टिका. ते सुटं काढून सचला जोडता येणार नाही. सच मात्र सत्यावरूनच, त्यात वाद नाही.

सराफ बाजार, जळगाव : विषय सोन्यावर आला म्हणून लिहितो. आमच्या गादीवर शुद्ध सोन्याला चोख म्हणतात, आणि माणसालाही तेच, व्यवहाराला चोख. चांगल्या माणसाला बावनकशी म्हणतात, तावून सुलाखून निघालेला म्हणतात. सुलाखणं म्हणजे सोन्याला भोक पाडून आत काय आहे ते बघणं. म्हणजे इंग्रजाचा चांगला माणूस हात न लागलेला, आणि आपला भट्टीत घालून, भोक पाडून बघितलेला. मला आपला जास्त पटतो. ज्याला कोणी पाकीट देऊच केलं नाही, त्याच्या चोखपणाची खात्री कोण देणार?

अमळनेरकर : सराफ भाऊंना अनुमोदन, आणि माझं कारण वेगळं आहे. 'न शिवलेला' हा आपल्या भाषेत गुण म्हणून वापरण्याआधी दोनदा विचार करा. आपल्याकडे न शिवण्याचा इतिहास काय आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० आमच्या गावी शिक्षक होते. त्यांनी १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावले. स्पर्श टाळून स्वच्छ राहिलेला माणूस आमच्या गावाला थोर वाटत नाही. शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये असू द्या, मराठीत ते ओढून आणू नका.

चोपडेकर : चोख, बावनकशी हे बाजारी शब्द मानपत्रात शोभत नाहीत. 'सत्त्वनिष्ठा' घ्या. सत्त्व माणसालाही असतं, मातीलाही असतं. शुद्ध शब्द आहे, भारदस्त आहे. आणि कृपा करून कोणी 'इमान' सुचवू नका.

सावदेकर : मी तोच सुचवायला आले होते! चोपडेकर दादा, बहिणाबाईंनी, म्हणजे आपल्या जळगावजवळच्या आसोद्याच्या लेकीने, इमान विसरलेल्याला नेक म्हणू नये असं सांगितलंय. इमान अरबी, नेक फारसी. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने शब्दांची जात न विचारता ते वापरले आणि आपल्या काळजात बसवले. इमान ज्या धातूवरून आला, त्यावरूनच अमानत, आणि अमानतीची अक्षरं उलटी-पालटी होऊन आपली 'अनामत' झाली. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेलं जसंच्या तसं परत देणं, म्हणजे इमान. धरण ही लोकांची ठेवच आहे की.

चोपडेकर : ताई, बहिणाबाईंबद्दल आदर आहेच. पण बोली वेगळी, मानपत्र वेगळं. परके शब्द असेच घेत गेलो तर उद्या आपलं काय उरेल? आपल्या प्रांताचं नावसुद्धा मूळ कान्हदेश. कृष्णाचा देश.

धुळेकर : याला आधार काय? फारुकी सुलतानांना खान हा किताब होता, त्यावरून खान्देश. १३८२ पासून १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत त्यांचं राज्य होतं. अकबराने मुलाच्या, दानियालच्या नावावरून 'दानदेश' करून पाहिलं, ते टिकलं नाही. लोकांनी खान्देशच ठेवलं.

चोपडेकर : कान्हदेश आमच्या आजोबांच्या तोंडी होतं.

नंदुरबारकर : सेऊणदेश या यादवकाळातल्या नावाचंही कोणीतरी लिहा.

जळगावकर : नावाचा वाद वेगळा काढूया का? माझा शनिवार जवळ येतोय.

साक्रीकर : मी शेतकरी आहे, शब्दकोश माझ्याकडे नाही. पण पांझरा नदीवरच्या फडांत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्यांनी मिळून भिजवायच्या शेतांत, पाणी वाटायला पाटकरी असायचा, गावाने नेमलेला. उन्हाळ्याकडे पाणी कमी झालं की वरच्या शेताने जास्त ओढायचं नाही, शेवटच्यालाही त्याच्या पाळीने मिळालं पाहिजे. रात्री दोन वाजता बारं, म्हणजे पाटातून शेतात पाणी जायचं तोंड, फोडलं तर बघणारं कोणी नाही. पाळी मोडणारा पाटकरी गावाने ठेवला नसता. माझे आजोबा अशा माणसाला एवढंच म्हणायचे, "मानूस खरा शे." बस. प्रामाणिक, सचोटीचा, काही नाही. खरा. आणि बांध फुटला नाही की बांधालाही तेच. "बांध खरा शे."

भुसावळकर : बांधालाही खरा? हे फार मोलाचं सांगितलंत आबा.

पारोळेकर : आमच्याकडे याला धड म्हणत. आजी ट्रंकेतून लुगडं काढून उजेडाला धरायची, बोटांनी काठापासून काठापर्यंत चाचपायची आणि म्हणायची, हे धड आहे. विरलं नाही, कुठे शिवण नाही, ठिगळ नाही. एक ना धड भाराभर चिंध्या, त्यातलं धड. मला तर इंटेजरचं हेच मराठी वाटतं. भिंत धड, माणूस धड.

धुळेकर : ताई, 'धड' आता नकाराशिवाय येतच नाही. धड बोलत नाही, ना धड इकडे ना धड तिकडे. मानपत्रात धड लिहिलं तर लोकांना वाटेल, साहेब निदान धड तरी होते.

पारोळेकर : धडधाकट आहे की. तिथे कुठे नकार आहे?

अमळनेरकर : पण धडधाकट प्रकृतीलाच.

चोपडेकर : संविधानाच्या उद्देशिकेत तरी बघा. तिथे काय शब्द योजलाय?

भुसावळकर : हाच इंग्रजी शब्द तिथे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आला. हिंदीत त्याला अखंडता केलं, मराठीत एकात्मता. म्हणजे हिंदीने जमीन बघितली, मराठीने मन. देशाला एकात्मता शोभते. पण एकट्या माणसाची एकात्मता कोणाशी?

सावदेकर : स्वतःशी. सर, तुम्हीच वर तेच लिहिलंत, तुकडे न पडणं म्हणून.

जळगावकर : सगळ्यांचे आभार. मानपत्र काल दिलं. शेवटी वेळ संपला, भिंतीला 'अभंग' आणि माणसाला 'सचोटी' असे दोन शब्द लिहिले. 'खरा' लिहायचं धाडस झालं नाही, आणि त्याची रुखरुख आहे. कार्यक्रमानंतर साहेबांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "पोरी, भिंत अभंग कधीच नसते. रोज झिरपते. आपण रोज बघायचं असतं, एवढंच." मला काय बोलावं सुचलं नाही. छापील मानपत्रात ते वाक्य आता तसंच राहणार.

साक्रीकर : साहेब कोणत्या धरणावर होते ताई? आमच्याकडच्या कालव्यावर एक साहेब होते, बाटली घेऊन फिरायचे.

पारोळेकर : धडुतं हा शब्द कोणाच्या घरी अजून आहे का? आजी कपड्याला धडुतं म्हणायची. तो या धडवरूनच आला असेल ना?