तोलार खिंडीच्या वर धुकं: परत फिरायला हवं होतं का?

पायपीट४७:
परवा रविवारी खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर गेलो. मी, मेहुणा, त्याचा अकरावीतला मुलगा आणि ऑफिसातले दोघं. खिंडीतल्या व्याघ्रशिल्पापर्यंत सगळं मजेत. पुढे रेलिंग धरून कातळटप्पा चढलो, पठारावर आलो आणि समोर नुसतं पांढरं. दहा पावलांवर मेहुण्याचा लाल पोंचो दिसेना.

ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, तिथून देवळापर्यंत चढउतार संपत नाहीत. मधे ओढे, आणि ढोरवाटा इतक्या की प्रत्येकच वाट मळलेली वाटते. अशाच एका वाटेनं वीसेक मिनिटं गेलो, ती कारवीत विरली. फोनमध्ये नकाशा होता, पण ओल्या काचेवर बोट टेकलं की तो भलतीकडेच पळायचा. पावसाचे थेंबसुद्धा बटणं दाबत होते!

मी म्हटलं, फिरू मागे. बाकीचे म्हणाले, ओला कातळ उतरण्यापेक्षा देऊळ बरं. गेलो, पोचलो, पिठलं-भाकरी खाल्ली. पण तेव्हापासून टोचतंय. बायकोला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही काय केलं असतं?

खडूस_गडी:
पावसात खिरेश्वर कशाला? पाचनईहून जायचं, वाट सोपी आणि जवळची. असो. कारवीत वाट संपल्यावर काय केलंत ते लिहा की. खरी गोष्ट तिथे आहे आणि तुम्ही थेट पिठल्यावर आलात.

पायपीट४७:
शेवटचा रंगवलेला बाण जिथे दिसला होता तिथवर मागे आलो. एकाला शिट्टी देऊन बाणापाशी उभं केलं. बाकीच्यांनी शिट्टी ऐकू येईल एवढंच पुढे जायचं, पुढचा बाण हुडकायचा, मग त्याला हाक मारायची. सलग अडीच तास हाच खेळ.

सांजवारा:
मग ठीक केलंत. माझा हिशोब घड्याळाचा असतो. बारा वाजून गेलेत आणि धुकं आहे, तर खिंडीतूनच मागे. तो कातळ बसून, रेलिंग धरून उतरता येतो, वेळ लागतो इतकंच. आणि वर पोचल्यावर धुक्यात कोकणकड्याकडे तरी गेला नाहीत ना?

एक विचारते. बाणापाशी उभं कोण राहत होतं? चालणारा ऊब धरतो, भिजून वाऱ्यात उभा राहणारा गारठतो. तो माणूस बदलत राहायला हवा. जीन्स होती का कुणाची?

पायपीट४७:
कड्याकडे नाही गेलो.

जीन्स भाच्याची होती. लहान आहे, शोधाशोध नको म्हणून दर वेळी त्यालाच उभं करत होतो. शेवटी शेवटी शिट्टी तुटक यायला लागली, तेव्हा आम्ही त्यालाच ओरडलो की नीट वाजव म्हणून.

आज रात्री बायकोला सांगतो.